मोक्का, कोयता आणि हप्ता: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

टोळीगुन्हेगारी आणि नागरिकांचे हक्क या विषयावर आलेल्या पत्रांत दोन सूर आहेत. काही वाचकांना गुंडांची भीती आहे, तर काहींना आपल्या घरातल्या मुलाला गुंड ठरवलं जाईल याची. दोन्ही प्रकारची पत्रं एकाच गल्लीतून येऊ शकतात, म्हणून त्यांची उत्तरं शेजारी शेजारी देत आहोत. नावं वगळली आहेत.

प्रश्न: माझं भिवंडीत छोटं दुकान आहे. दोन पोरं येऊन "भाईंनी पाठवलंय, महिन्याला पाच हजार" म्हणून गेली. नंतर व्हॉट्सॲपवर फोन आला. तक्रार केली तर नाव फुटेल आणि दुकान जाळतील अशी भीती वाटते. काय करू?

पहिली गोष्ट, एकदाही पैसे देऊ नका, आणि "मिटवून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाकडे जाऊ नका. मध्यस्थ म्हणजे बहुतेक वेळा त्याच टोळीचं दुसरं दार असतं. शिवाय एकदा पैसे दिले की पुढे "हा आमचा आपसातला व्यवहार होता" असा बचाव उभा राहतो.

दुसरं, पुरावा आज रात्रीच नीट करून ठेवा. व्हॉट्सॲप कॉल फोनमध्ये आपोआप रेकॉर्ड होत नाही. पुन्हा फोन आला तर तो स्पीकरवर घ्या आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. हे रेकॉर्डिंग कुणालाही पाठवू नका, कापाकापी करू नका आणि तो दुसरा फोन विकू नका. डिजिटल पुरावा न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) नमूद करायची असते. मूळ उपकरणच नसेल तर इथेच प्रकरण अडखळतं. दुकानाच्या सीसीटीव्हीचं जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून त्या दिवसाचं चित्रण लगेच उतरवून घ्या. पोरं कुठल्या तारखेला, किती वाजता आली, कुठल्या गाडीवरून आली, नेमके कोणते शब्द बोलली हे त्याच दिवशी कागदावर लिहा. "अज्ञात इसमांनी धमकी दिली" एवढीच फिर्याद असेल तर तपासाला धरायला काही उरत नाही.

तिसरं, फिर्याद. आपल्या हद्दीतल्या ठाण्यात जायची भीती वाटत असेल तर कुठल्याही पोलीस ठाण्यात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून तुम्हाला परत पाठवता येत नाही. फिर्याद ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. "आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करू" असं उत्तर मिळेल. ती सोय तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे. खंडणीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८(२) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे तिथे ती लागू होत नाही. मृत्यूची भीती घालून पैसे घेतले असतील तर ३०८(५) खाली शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. ठाण्यात नकार मिळाला तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालय असेल तर उपायुक्तांकडे पाठवा, पोचपावती जपा, आणि तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पोचपावती नसेल तर हा शेवटचा दरवाजा उघडत नाही, आणि ती नसल्यामुळेच अनेक अर्ज परत येतात.

चौथं, तुमचं संरक्षण. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंदर चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. अर्ज जिल्ह्याच्या सक्षम समितीकडे करायचा. तिचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात, तर जिल्ह्याचे पोलीस प्रमुख आणि सरकारी अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य असतात. विभागाचे सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक धोक्याचा अहवाल देतात आणि त्यात तुम्हाला अ, ब किंवा क वर्गात बसवतात. अ म्हणजे तुमच्या किंवा कुटुंबाच्या जिवाला धोका, ब म्हणजे सुरक्षितता, मालमत्ता किंवा प्रतिष्ठेला, क म्हणजे त्रास आणि दमदाटी. अहवालाला पाच कामकाजाचे दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला आणखी पाच दिवस, अशी मुदत आहे. तातडी असेल तर तोवर अंतरिम संरक्षण मागता येतं. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंतचं असतं, त्यामुळे मुदत संपण्याआधीच वाढवून मागा. अर्जात "मला पोलीस द्या" एवढंच लिहिलं तर मिळेल ते पदरात पडतं. नेमकं मागा: दुकानासमोर कॅमेरा, फोन नंबर बदलणं, रात्रीची गस्त, साक्षीच्या दिवशी ने-आण, बंद दालनात साक्ष. आपला जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली लवकर नोंदवून घ्या. खटला उभा राहीपर्यंत वर्षं जातात. टोळी त्या काळात साक्षीदार फोडायला बघते आणि दंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबामुळे तिचं काम अवघड होतं.

नाव पोलिसांतूनच फुटलं तर? मोक्क्याचं, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याचं, कलम २४ वाचा. टोळीला कोणत्याही प्रकारे मदत करणाऱ्या किंवा कायदेशीर कारवाई टाळणाऱ्या लोकसेवकाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे कलम फार कमी लोकांना माहीत आहे.

प्रश्न: माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याच्या दप्तरात कोयता सापडला म्हणून पोलिसांनी पुण्यात त्याला उचललं. मोठ्या पोरांबरोबर फिरायचा, रीलही काढली होती. पोलीस म्हणतात, "टोळीतला आहे, मोक्का लावू." त्याला तुरुंगात टाकतील का?

ताई, तुरुंगात नाही आणि पोलीस कोठडीतही नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १० प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याला विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करायचं. रात्र ठाण्याच्या बाकावर काढायला लावणं म्हणजेसुद्धा या कलमाचा भंग आहे. त्याला बेड्या घालता येत नाहीत.

आत्ता पहिलं काम वयाचं. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र घेऊन धावा. ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. कलम ९४ मध्ये क्रम हाच आहे आणि हाडांची तपासणी सगळ्यात शेवटी. आधार कार्ड त्या यादीत नाही. अनेक पालक फक्त आधार घेऊन येतात आणि मुलाचे पहिले दोन दिवस मोठ्यांच्या रिमांडमध्ये जातात.

मोक्क्याच्या धमकीबद्दल. बाल न्याय कायद्याचं कलम १(४) सांगतं की इतर कायद्यांत काहीही असलं तरी मुलाला ताब्यात घेणं, त्याची चौकशी आणि पुनर्वसन याच कायद्याने होईल. म्हणजे मोक्क्याचं विशेष न्यायालय थेट त्याचा खटला चालवू शकत नाही, मुलगा मंडळापुढेच जातो. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला मोठ्यांसारखं वागवायचं का, याची प्राथमिक तपासणी फक्त "क्रूर" वर्गातल्या गुन्ह्यांत होते, आणि ज्याची किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त आहे तोच गुन्हा त्या वर्गात मोडतो. हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात स्पष्ट केलं. मोक्क्यात मृत्यू झालेला नसेल तर किमान शिक्षा पाच वर्षं आहे, म्हणून तो त्या वर्गात बसत नाही. खुनाचं प्रकरण असेल तर मात्र ही तपासणी होते, आणि तिथे चांगला वकील नसेल तर सगळंच हातातून जातं.

नुसता कोयता बाळगल्यावर कागदावर सहसा "हत्यार कायदा कलम ४ सह २५, महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१) सह १३५" असं येतं. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असते तो मुलांच्या कायद्यात किरकोळ ठरतो. असा गुन्हा मोठ्यांसोबत केलेला नसेल तर केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे एफआयआर न करता स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल एवढंच करायचं असतं. तुमच्या मुलाबरोबर मोठी पोरं होती की नव्हती हा मुद्दा म्हणूनच कळीचा आहे.

जामीन हा मुलाच्या बाबतीत नियम आहे, पण बाल न्याय कायद्याच्या कलम १२ मध्ये एक अपवाद आहे: सुटल्यावर तो ओळखीच्या गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता असेल तर मंडळ जामीन नाकारू शकतं. टोळीच्या प्रकरणात विरोधी बाजू हेच बोट दाखवते. त्यामुळे "माझा मुलगा चांगला आहे" हे सांगून भागणार नाही. दुसऱ्या गावातल्या मामाच्या किंवा आत्याच्या घरी ठेवण्याची लेखी हमी, तिथल्या शाळेत किंवा आयटीआयमध्ये प्रवेशाचं पत्र, रोज कोण लक्ष ठेवणार त्याचं नाव, असं ठोस मंडळासमोर ठेवा. परिविक्षा अधिकारी दोन आठवड्यांत सामाजिक तपास अहवाल देतात. ते घरी येतील तेव्हा काही लपवू नका. घरात दारू आहे, बाप नाही, मुलगा नववीत शाळा सोडून बसला, हे सगळं सांगा. त्यातूनच समुपदेशन आणि शाळेची व्यवस्था निघते. जामीन मिळूनही सात दिवसांत अटी पूर्ण करता आल्या नाहीत तर मुलाला पुन्हा मंडळापुढे नेऊन अटी बदलून घेता येतात.

मारहाण झाली असेल तर पहिल्याच तारखेला मंडळासमोर सांगा आणि वैद्यकीय तपासणी मागा. दुसऱ्या तारखेपर्यंत वळ उरत नाहीत.

रील पुसू नका आणि घरात आणखी काही हत्यार असेल तर ते नदीत फेकायला जाऊ नका. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा तुमच्यावर किंवा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसावर येईल. ठाण्यात वकिलामार्फत जमा करा.

आता ज्या मुद्द्याकडे मुलाच्या बाजूचे लोकही बघत नाहीत तो. कोयता त्याच्या हातात दिला कुणी? भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ खाली मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्याला किमान तीन ते कमाल दहा वर्षं शिक्षा आहे, आणि गुन्हा घडला तर तो स्वतः केल्यासारखी त्या गुन्ह्याची शिक्षाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३(२) मध्येही सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांचा दंड आहे. म्होरके अल्पवयीन मुलं पुढे करतात ती शिक्षा कमी होते या हिशेबाने. तो हिशेब मोडायचा तर मुलाला जास्त शिक्षा करून उपयोग नाही, ही दोन कलमं म्होरक्याच्या नावावर चढली पाहिजेत. तुमच्या वकिलाला तशी लेखी मागणी करायला सांगा.

मुलाचं नाव किंवा फोटो कुणी छापला वा ग्रुपवर टाकला तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा. अटकेतली व्यक्ती, स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट नसते. मुलांसाठी १०९८ आहेच.

प्रश्न: भावावर आधी एकच केस होती. तरीही त्याला मोक्क्यात घेतलं. "दोन चार्जशीट हवीत" असं ऐकलं होतं. मग हे बेकायदा आहे ना? (नागपूर)

नाही, निदान या कारणाने नाही. दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं आणि न्यायालयाने त्यांची घेतलेली दखल, ही अट टोळीसाठी आहे, टोळीतल्या प्रत्येकासाठी नाही. २०२१ च्या कविता लंकेश आणि २०२२ च्या झाकीर मिरजकर निकालांनी हे पक्कं केलं. वकिलाने सगळी ताकद या मुद्द्यावर घालवली तर महत्त्वाच्या तारखा निघून जातात.

बघायचं ते हे. कलम २३(१) प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी हवी. तपास उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केलेला हवा. दोषारोपपत्राला अपर महासंचालक दर्जाची मंजुरी हवी. मंजुरीच्या कागदावर टोळी कोणती, म्होरक्या कोण, आधीची प्रकरणं कोणती, आणि आर्थिक किंवा इतर फायद्याचा हेतू काय, हे असायला हवं. वैयक्तिक भांडणाला टोळीचा रंग दिला असेल तर तो इथेच उघडा पडतो, कारण हिंसा किंवा धमकी फायद्यासाठी होती हे व्याख्येतच आहे.

नव्वद दिवसांची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. दोषारोपपत्राला नव्वद दिवस, आणि सरकारी वकिलाने प्रगती व कारणं सांगणारा अहवाल दिला तर एकशेऐंशी. मुदतवाढ मागताना आरोपीला हजर करून त्याला तसं कळवणं सक्तीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जिगर आदतिया प्रकरणात म्हटलं. ते प्रकरण गुजरातच्या अशाच कायद्याखालचं होतं. मुदत चुकली तर जामिनाचा हक्क तयार होतो, पण दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज केलेला असेल तरच. एक दिवस उशीर झाला की तो हक्क गेला.

कबुलीजबाब पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाचा अधिकारी नोंदवू शकतो आणि तो पुरावा म्हणून चालतो. साध्या कायद्यात असं होत नाही, म्हणून इथे जपा. जबाबानंतर भावाला मुख्य दंडाधिकाऱ्यांसमोर नेतात. मारहाण झाली असेल तर तिथेच सांगायचं, ते वैद्यकीय तपासणीला पाठवतात. तिथे गप्प बसून वर्षभराने "जबरदस्तीने घेतला" म्हटलं तर कुणी ऐकत नाही. अटकेची कारणं लेखी आणि त्याला कळणाऱ्या भाषेत मिळाली का, हेही विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या निकालाप्रमाणे ती रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत. अटकपूर्व जामीन मोक्क्यात नाही. नियमित जामीन कलम २१(४) मुळे अवघड आहे, अशक्य नाही: २००५ च्या रणजितसिंग शर्मा निकालाने सांगितलं की जामिनाच्या टप्प्यावर न्यायालयाने आरोपी निर्दोषच आहे असं ठरवायचं नसतं, शक्यतांचा साकल्याने विचार करायचा असतो.

प्रश्न: हक्क-हक्क करून तुम्ही गुंडांचीच बाजू घेता. आमच्या भागात पोलिसांनी धिंड काढली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एन्काउंटर झाला तर बिघडलं कुठे?

टाळ्या वाजवणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. ज्यांच्या गाड्यांच्या काचा रात्रीत फुटल्या त्यांना राग येणारच. पण धिंडीने पुढच्या खटल्याचं काय होतं तेही बघा. साक्षीदार आरोपीला ओळखतो हे सिद्ध करायला तुरुंगात ओळख परेड घेतात, म्हणून तोवर आरोपीचा चेहरा झाकून ठेवतात. ज्याला अख्ख्या पेठेने आणि सगळ्या वाहिन्यांनी पाहिलं त्याच्या ओळख परेडीचं मोल काय? बचावाचा वकील एकच प्रश्न विचारतो: "तुम्ही याला टीव्हीवर पाहिलं होतं का?" साक्षीदार खरं बोलला की परेड निकालात निघाली. संघटित गुन्हेगारीच्या आरोपीला बेडी घालायची परवानगी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) मध्ये आहे. मिरवणूक काढायची परवानगी कुठल्याही कलमात नाही.

एन्काउंटरचं तसंच. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा सूचना दिल्या, त्या मुंबईच्याच प्रकरणात. १९९५ ते १९९७ या काळातल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू न्यायालयापुढे होते. सूचना थोडक्यात अशा: गुप्त माहितीची आधी लेखी नोंद, मृत्यूनंतर एफआयआर, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे, दंडाधिकारी चौकशी, दोन डॉक्टरांकडून चित्रित शवविच्छेदन, पोलिसांची हत्यारं तपासणीसाठी जमा, आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही. पाळलं गेलं नाही असं वाटलं तर कुटुंबाला सत्र न्यायाधीशांकडे जाता येतं. आम्हाला यातली बढतीची सूचना सगळ्यात मोलाची वाटते, कारण आमिष काढून घेतलं की खोट्या चकमकीचं अर्धं कारण संपतं. शिवाय मेलेला गुंड बोलत नाही. पैसा कुठे जायचा, ठाण्यात कोण ओळखीचं होतं, कोणत्या बिल्डरसाठी जागा रिकाम्या केल्या, हे सगळं त्याच्याबरोबर जातं. त्याच्यामागे उभ्या असलेल्यांना याहून सोयीचं काय असणार?

भारताने २०११ मध्ये संघटित गुन्हेगारीविरोधातल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली. त्यात आरोपींच्या हक्कांबरोबर साक्षीदारांचं आणि बळींचं संरक्षणही शासनाचं कर्तव्य म्हटलं आहे. तुमचा हक्क, म्हणजे रात्री निर्धास्त झोपायचा, त्याच यादीत येतो.

प्रश्न: मुलाला तडीपारीची नोटीस आली आहे. उत्तर द्यावं का? (जालना)

द्यावंच, आणि लेखी. तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. २०२२ मध्ये दीपक डोंगरे प्रकरणात, तेही जालन्याचंच, सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. पूर्ण दोन वर्षं का, याची कारणं नव्हती. जुन्या केसेसचा आजच्या कारवाईशी संबंध काय, कोणत्या केसेस सुटल्या, काम आणि शिक्षण कुठे, हे कागदांसह मांडा. नोटिशीकडे दुर्लक्ष केलं, आदेश निघाला आणि नंतर हद्दीत सापडला तर तो नवा गुन्हा होतो.

प्रश्न: दिराला अटक झाली, तर आमचं राहतं घर पाडू म्हणतात. घर सासूबाईंच्या नावावर आहे.

एका माणसाच्या गुन्ह्यासाठी घर पाडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे रजिस्टर टपालाने आणि घरावर चिकटवून किमान पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश, आणि त्यानंतरही पंधरा दिवस थांबणं सक्तीचं आहे. भंग करणारा अधिकारी स्वखर्चाने भरपाई देण्यास जबाबदार ठरतो. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगत किंवा नदीपात्रातलं अनधिकृत बांधकाम असेल तर हे संरक्षण नाही. तेव्हा मालमत्ता कराच्या पावत्या, मंजूर नकाशा आणि सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक आजच एका फाइलमध्ये लावा आणि प्रती घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा.

प्रश्न: दोन टोळ्यांच्या मारामारीत रस्त्याने चाललेल्या माझ्या पतींच्या हाताची बोटं तुटली. ते रिक्षा चालवायचे. आरोपी सापडलेच नाहीत, मग भरपाई कुणाकडे मागायची?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. आरोपी सापडला नाही किंवा खटला उभा राहिला नाही तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली अर्ज करता येतो आणि चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. एफआयआरची प्रत, दुखापतीचा वैद्यकीय दाखला, दवाखान्याची बिलं, रिक्षाचं परमिट आणि बॅज, कमाईचा काही पुरावा जोडा. कायमच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून वेगळं घ्यावं लागतं. जखम भरल्यावर लगेच त्यासाठी नंबर लावा, कारण त्याच्याशिवाय अर्ज साध्या दुखापतीत मोजला जातो. तातडीची मदत अंतरिम म्हणून वेगळी मागा. आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, तेव्हा ते पत्र आलं नसेल तर आधी ते मागा.